लूथिएन म्हणजे सावित्रीच का? आणि एओविनची जोडी नक्की कुणाशी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. वाचनगटात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्कीन याच्या प्रेमकथांवर अर्ध्या तासाचं टिपण मांडायचं आहे. विषय पक्का केलाय: बेरेन–लूथिएन (तो मर्त्य माणूस, ती एल्फ या अमर वंशातली राजकन्या) आणि सावित्री–सत्यवान. दोन्हीकडे बाई आपल्या माणसामागे मृत्यूच्या देवापर्यंत जाते आणि त्याला सोडवून आणते. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१. लूथिएनची कथा सावित्रीवरून घेतली, असं सरळ लिहिलं तर चालेल का?

२. आर्वेन (अरागॉर्न राजाशी लग्न करणारी एल्फ राजकन्या) म्हणजे लूथिएनचीच दुसरी आवृत्ती, हे मान्य. मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मूळ कथनात ती इतकी कमी का दिसते?

३. गटातले निम्मे लोक अरागॉर्न–एओविन (रोहनच्या राजाची लढवय्यी भाची) या जोडीचे कट्टर आहेत. त्यांच्या मते फारामिर (गोंडोरच्या कारभाऱ्याचा मुलगा, शेवटी तिचं लग्न होतं तो) म्हणजे शेवटी उरलेल्या दोघांची लेखकाने लावून दिलेली मोट. याला पुराणकथांच्या अंगाने काही उत्तर आहे का?

संदर्भ नेमके द्या, प्लीज. गटात मूळ पुस्तकं काढून बसणारी माणसं आहेत.

गोदाकाठ

पिंपळपानताई, पहिल्या प्रश्नातला ‘घेतली’ हा शब्द आधी खोडा. त्याच्या जागी ‘शेजारी ठेवली’ लिहा, म्हणजे टिपण उभं राहील. कारण या दोन कथा शेजारी ठेवल्या की साम्यापेक्षा फरकच जास्त बोलतो.

सावित्रीची कथा वनपर्वात आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत अध्याय २७७ ते २८३. द्रौपदीसारखी दुसरी कुणी पतिव्रता होऊन गेली का, असं युधिष्ठिर विचारतो आणि मार्कंडेय ही कथा सांगतो. ती मुळातून वाचाच, कारण आपल्या डोक्यात व्रताची कथा पक्की बसलेली असते. वनपर्वात वडाची पूजा नाही आणि ‘सात जन्म हाच नवरा’ हे मागणंही नाही. आहे ते असं: सावित्री तीन रात्री उभी राहून उपास करते. चौथ्या दिवशी सत्यवान खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात निघतो, ती बरोबर जाते. लाकडं फोडता फोडता त्याचं डोकं ठणकायला लागतं, तो तिच्या मांडीवर डोकं टेकतो. मग लाल वस्त्र नेसलेला, हातात पाश घेतलेला यम येतो, सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढतो आणि दक्षिणेकडे चालू लागतो.

सावित्री मागोमाग चालते आणि बोलत राहते. रडत नाही, गात नाही, धर्माबद्दल बोलते. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात, त्या मैत्रीच्या नात्याने माझं थोडं ऐक, अशी तिची सुरुवात आहे. यम तिच्या वाणीवर खूश होऊन वर देतो आणि दर वेळी अट घालतो, ‘याचा जीव सोडून’. सासऱ्यांची दृष्टी, सासऱ्यांचं राज्य, वडिलांना शंभर मुलगे, आणि चौथा वर म्हणजे सत्यवानापासून स्वतःला शंभर मुलगे. पाचव्या वराच्या वेळी यम ती अट घालत नाही. तिथे ती सत्यवानाचा जीव मागते आणि दाखवून देते की चौथा वर खरा व्हायचा तर दुसरा मार्गच नाही. यम सत्यवानाला तिच्यासोबत चारशे वर्षांचं आयुष्य देऊन जातो.

आता लूथिएन (‘सिल्मरिलियन’, प्रकरण १९). बेरेन मरतो, त्याच्यामागे दुःखाने तिचाही देह सुटतो. मृतांचा देव मान्डोस याच्या दालनात ती त्याच्यापुढे गुडघे टेकून गाते. त्या गाण्यात एल्फांचं दुःख आणि माणसांचा शोक एकत्र विणलेला असतो. आधी कधी न द्रवलेला मान्डोस तेव्हा द्रवतो, पण तिच्यापुढे निवड ठेवतो: एकतर बेरेनशिवाय देवभूमीत कायम सुखाने राहा, नाहीतर बेरेनला घेऊन परत जा आणि त्याच्यासारखीच मर्त्य हो. ती दुसरं स्वीकारते.

म्हणजे सावित्री एका दमडीचंही नुकसान न होऊ देता सगळं घर सावरून परत येते. लूथिएन मिळवते एक माणूस आणि काही वर्षं, आणि त्याची किंमत म्हणून अमरत्व देते, आपल्या आईवडिलांशी असलेलं जगाच्या अंतापर्यंतचं नातं तोडते. यमाला सावित्री युक्तिवादाने जिंकते कारण तो धर्मराज आहे, शब्दाला बांधलेला आहे. मान्डोससमोर युक्तिवाद चालणारच नसतो, तिथे लागते करुणा. तुमचं टिपण या एका फरकावर उभं करा. अर्धा तास पुरणार नाही.

एक साम्य मात्र लोक हमखास विसरतात. दोघींनीही नवरा स्वतः निवडला आहे आणि संकट माहीत असून निवड बदललेली नाही. अश्वपती मुलीला रथात बसवून ‘तूच शोध’ म्हणून पाठवतो, आणि नारद ‘वर्षभरात मरणार’ असं सांगतो तेव्हाही ती ठाम राहते.

वाटसरू_७

गोदाकाठ यांच्याशी सहमत. प्रभावाबद्दल थोडी भर.

‘अमुकचा प्रभाव आहे’ हे सिद्ध करायला तीन गोष्टी लागतात: लेखकाला ती कथा माहीत होती याचा कागद, सहजासहजी दुसरीकडे न सापडणारा तपशील दोन्हीकडे असणं, आणि तारखा जुळणं. तिन्ही जमलेलं उदाहरण हवं असेल तर टोल्कीनचाच दुसरा नायक तूरिन घ्या. १९१४ साली टोल्कीन फिनलंडच्या ‘कालेवाला’तल्या कुलेर्वोची कथा स्वतःच्या शब्दांत लिहायला बसला होता. नकळत बहिणीशी संबंध, तो कळल्यावर तिचं पाण्यात उडी घेणं, शेवटी आपल्याच तलवारीला ‘माझं रक्त पिशील का’ विचारणं आणि तलवारीने उत्तर देणं, हे सगळं तूरिनच्या कथेत जसंच्या तसं आहे. वर १९५१च्या सुमाराला प्रकाशक मिल्टन वॉल्डमनला लिहिलेल्या पत्रात त्याने सिगुर्द, इडिपस आणि कुलेर्वो ही तिन्ही नावं स्वतः दिली आहेत. याला म्हणतात प्रभाव.

बेरेन–लूथिएनबद्दल त्याने नाव घेतलंय ते ऑर्फियसचं. १९५४च्या एका पत्रात तो या कथेला उलटी ऑर्फियसकथा म्हणतो, करुणेची. मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘सर ऑर्फेओ’ या काव्याचा त्याने अनुवादही केला होता. त्या काव्यात राजा बायकोला खरोखरच परत आणतो, ग्रीक कथेसारखी मागे वळून पाहण्याची चूक होत नाही.

बाकीचे धागेही मोजता येतात. सासरा थिंगोल अशक्य अट घालतो (महादैत्य मॉर्गोथच्या मुकुटातलं सिल्मरिल हे रत्न आण), हे वेल्श ‘कुलुख आणि ओल्वेन’मधलं. तिथे राक्षस इस्बाद्दादेन चाळीसच्या आसपास अटी घालतो आणि तुर्ख त्रुइथ या रानडुकराची प्रचंड शिकार होते. इथे कार्खारोथ लांडग्याची होते. लांडगा हात तोडतो हे नॉर्स देव त्युर आणि फेनरिरचं. उंच झाडावरच्या कोठडीतून केसांच्या दोराने सुटका, हे रापुंझेलचं. सावित्रीच्या कथेत यातलं काहीच नाही, अट घालणारा सासरासुद्धा नाही.

आता तारखांचा मोह. तोरू दत्त यांची इंग्रजी ‘सावित्री’ १८८२ची, एडविन अर्नोल्डचा अनुवाद १८८३चा. गुस्ताव होल्स्टने १९०८ साली ‘सावित्री’ नावाचा छोटा ऑपेरा रचला, पात्रं तीनच: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. त्याचा पहिला प्रयोग लंडनला डिसेंबर १९१६मध्ये झाला आणि टोल्कीनने लूथिएनची पहिली कथा १९१७ साली लिहिली. इथे पोचलं की माणूस टाळी वाजवतो आणि इथेच फसतो. १९१६च्या नोव्हेंबरात टोल्कीन सोमच्या खंदकांतून ट्रेंच फीव्हर घेऊन परतला आणि बर्मिंगहॅमच्या इस्पितळात पडला. तारखा जवळ असणं म्हणजे पुरावा नव्हे. कथेचं खरं बीज त्याने स्वतः सांगितलंय: यॉर्कशरमध्ये रूस गावाजवळच्या रानात, हेमलॉकच्या पांढऱ्या फुलांत नाचणारी त्याची बायको एडिथ. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत तिच्या नावाखाली ‘लूथिएन’ कोरलंय आणि त्याच्या नावाखाली ‘बेरेन’.

म्हणून टिपणात ‘समांतर’ म्हणा, ‘प्रभाव’ म्हणू नका. आणि लूथिएनची कथा सुरुवातीपासून अशीच होती असं समजू नका. १९१७च्या कथेची जी प्रत आज हाती आहे तिच्यात बेरेन चक्क एल्फ आहे आणि मॉर्गोथचा सरदार सॉरॉन याच्या जागी तेविल्दो नावाचा मांजरांचा राजा आहे. दोघेही एल्फ म्हटल्यावर मर्त्य–अमर हा पेचच तिथे नाही. तुमच्या तुलनेला लागणारी निवड कथेत नंतर आली आहे.

रानजाई

तिसऱ्या प्रश्नाला हात घालते, कारण एओविनवर फार अन्याय होतो.

आधी अरागॉर्न–एओविनवाल्यांना त्यांचं देणं देऊन टाका. त्यांना जे दिसतं ते खर्ड्यात खरोखर होतं. आर्वेन हे पात्रच नव्हतं तेव्हा अरागॉर्न आणि एओविनचं लग्न व्हायचं होतं. मग लेखकाने टिपणात ती प्रेमकथा काढून टाकायचं ठरवलं, अरागॉर्न तिच्यासाठी वयाने फार मोठा आणि फार करारी आहे म्हणून. एओविनने राजासाठी लढताना मरावं, असाही विचार त्याच टिपणात आहे. हे ‘हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’ या खर्ड्यांच्या मालिकेच्या सातव्या खंडात (१९८९) छापलंय. म्हणजे रोहनच्या राजधानीतल्या, एदोरासमधल्या, त्या पहिल्या नजरेत जे जाणवतं ते वाचकाच्या मनाचे खेळ नाहीत, जुन्या आराखड्याच्या खुणा आहेत.

वयांचा हिशोब परिशिष्टांतून मांडा. तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली एओविन २४ वर्षांची (जन्म २९९५), फारामिर ३६चा (२९८३), अरागॉर्न ८८चा (२९३१). त्यातून अरागॉर्न आणि आर्वेनचं वचन २९८० सालचं, एओविनच्या जन्माआधी १५ वर्षं झालेलं.

आता पुराणकथा. एओविनच्या मागे उभी आहे ती नॉर्स वाल्किरी, म्हणजे मुख्य देव ओडिनची रणकन्या. ‘एड्डा’त सिग्रद्रिफा, आणि व्होल्सुंग गाथेत तीच ब्रुनहिल्ड. ओडिनच्या मनाविरुद्ध भलत्या राजाला जय दिला म्हणून तो तिला झोपेचा काटा टोचतो. ती चिलखतासकट निजलेली असते. सिगुर्द येतो, तलवारीने चिलखत कापतो, ती जागी होते आणि त्याच्यावर जीव लावते. पण पुढे सिगुर्द दुसरीचा होतो, ब्रुनहिल्ड त्याचा खून घडवून आणते आणि त्याच्या चितेवर स्वतः जळते. जागं करणारा वीर दुसरीचा असला की त्या साच्याचा शेवट चितेवर होतो.

हे डोक्यात ठेवून पाचव्या भागातलं आठवं प्रकरण वाचा, शुश्रूषागृहाचं. एओविन नाझ्गुलांच्या, म्हणजे सॉरॉनच्या भुतांच्या, सरदाराला मारून त्याच्या काळ्या श्वासाने बेशुद्ध, चिलखत उतरवलेली, ढालीचा हात मोडलेला. अरागॉर्न अथेलास या औषधी वनस्पतीची पानं चुरगळून गरम पाण्यात टाकतो, कपाळ पुसतो, तिला हाक मारतो. सिगुर्दच्या जागी तो उभा आहे. आणि ती शुद्धीवर यायच्या आत तो तिचा हात भावाच्या, एओमेरच्या हातात देतो, ‘तू बोलाव’ म्हणतो आणि गुपचूप खोलीबाहेर निघून जातो. तिचे डोळे उघडतात तेव्हा समोर भाऊ असतो. देह बरा करता येईल, पण ती कशासाठी जागी होईल ते माहीत नाही, हे तो आधी बोलून दाखवतोच. सिगुर्दने केलेली चूक अरागॉर्न जाणूनबुजून टाळतो.

चिता मात्र कथेत आहे, ती दुसऱ्या बाजूला. त्याच १५ मार्चला गोंडोरचा कारभारी देनेथोर आपल्या जिवंत मुलाला, म्हणजे फारामिरला, चितेवर चढवतो आणि पिपिन हा हॉबिट (बुटक्या जमातीतला) आणि जादूगार गँडाल्फ त्याला तिथून उचलून आणतात. मरण शोधत गेलेली बाई आणि चितेवरून परत आणलेला पुरुष एकाच बागेत भेटतात. याला ‘उरलेल्यांची मोट’ म्हणवत नाही. ब्रुनहिल्डच्या कथेचे दोन्ही निखारे इथे एकमेकांशेजारी ठेवून विझवले आहेत, असं माझं वाचन आहे.

आणि ती निळी शाल बघा, हो, तो झगाच आहे पण मला शालच वाटते. उन्हाळ्यातल्या गडद रात्रीच्या रंगाची, काठाला चांदीचे तारे, फारामिरच्या आईसाठी केलेली. तो ती एओविनच्या खांद्यांवर घालतो. तिला आजवर लोकांनी दिलं ते काम आणि जबाबदारी. थंडी वाजत असेल म्हणून कुणी पांघरूण दिल्याचं मला तरी आठवत नाही.

तिसरा प्रहर

रानजाईताई, सुंदर लिहिलंत. तरी एक हरकत. फारामिर–एओविन भेटतात आणि पाचव्या दिवशी, २५ मार्चला, तटावर दोघांचे केस वाऱ्यात एकत्र उडतात. पाच दिवस! वाचकाला घाई वाटली तर त्याला दोष कसा द्यायचा? टोल्कीनलाही ही तक्रार पोचली होती. १९६३च्या आसपासच्या एका पत्राच्या खर्ड्यात त्याचं म्हणणं आहे की फार ताणाच्या काळात, मरण समोर दिसत असताना भावना लवकर पिकतात. अरागॉर्नवरचं तिचं मन वेगळ्या जातीचं होतं, हेही तो तिथे सांगतो. गटात मांडताना हे पत्र हाताशी ठेवा, पण घाई जाणवते हे कबूल करूनच पुढे जा.

दुसरं. एओविन आणि नाझ्गुलांचा सरदार हा प्रसंग आला की आपल्याकडे कुणीतरी लगेच महिषासुरमर्दिनी आणतंच. पुरुषाकडून मरण नाही, म्हणून बाईकडून मरण. साम्य गोड आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. महिषासुराकडे वर आहे, मागून मिळवलेला. इथे एल्फ योद्धा ग्लोरफिंडेलने तिसऱ्या युगाच्या १९७५ साली केलेलं भाकीत आहे, ते काही कवच नव्हे. आणि वार एकटीचा नाही. सोबतच्या मेरी या हॉबिटचा खंजीर त्या सरदाराशी लढलेल्या जुन्या आर्नोर राज्याच्या लोकांनी घडवलेला होता. त्याने आधी गुडघ्यामागे घाव घातला आणि देह इच्छेशी बांधणारी जादू तोडली. मग एओविनची तलवार चालली, आणि चालल्यावर तिचे तुकडे झाले. मेरीला वगळलं की देवीचं चित्र उभं राहतं, प्रसंग मात्र मोडतो.

आर्वेनसाठी सावित्रीपेक्षा उर्वशी–पुरूरवा जवळची. ऋग्वेद १०.९५ आणि शतपथ ब्राह्मण. अमर स्त्री, मर्त्य राजा, अट मोडली की ती निघून जाते. शतपथात शेवटी पुरूरवा यज्ञाग्नीच्या बळावर गंधर्व होतो, म्हणजे मर्त्य वर चढतो. टोल्कीनकडे अमर स्त्री खाली उतरते. एकच जिना आहे, वाट उलटी.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘घेतली’ खोडलं. महिषासुराचा परिच्छेद होता, तोही काढला. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला: आर्वेन कमी का? आणि अर्ध्या तासात वाचायला काय लावू?

वाटसरू_७

आर्वेन कमी दिसते कारण ती उशिरा आली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा बराच भाग लिहून झाल्यावर तिला जागा करावी लागली, आणि कथन जवळपास सगळं हॉबिटांच्या नजरेतून चालतं. नायक हॉबिट फ्रोडोला ती दिसते एल्रॉन्डच्या घरच्या, रिव्हेंडेलच्या, मेजवानीत आणि मग थेट शेवटी लग्नाच्या वेळी. तिची खरी कथा परिशिष्ट ‘अ’मध्ये. चित्रपट आधी पाहिलेल्यांना मुद्दाम सांगा की पुस्तकात नदीच्या उतारावर फ्रोडोला वाचवायला आर्वेन येत नाही. तिथे ग्लोरफिंडेलचा घोडा आहे.

लूथिएनशी सांधा जोडायचा तर आर्वेनचा बाप एल्रॉन्ड याची अट घ्या: गोंडोर आणि आर्नोर दोन्हींचा राजा होशील तरच मुलगी. थिंगोलच्या सिल्मरिलचंच हे दुसरं रूप. पण लूथिएनचं पारडं जड आहे, कारण ती स्वतः सॉरॉनच्या बेटावर आणि मॉर्गोथच्या सिंहासनापुढे उभी राहिली. आर्वेनच्या वाट्याला वाट पाहणं आणि ध्वज विणणं आलं. तिची कथा पेटते ती अरागॉर्न गेल्यावर. तो २१० वर्षं जगून आपल्या मर्जीने देह ठेवतो, आणि मृत्यू म्हणजे काय हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळतं. ती एकटी लोरिएनला, एल्फांच्या रानात, जाते. तिथे कुणी उरलेलं नसतं, आणि ज्या केरिन अम्रोथवर वचन दिलं होतं त्याच टेकडीवर ती देह ठेवते. लूथिएनच्या वाट्याला हा एकटेपणा आला नव्हता, आणि सावित्रीच्या वाट्याला तर नाहीच नाही.

वाचनासाठी चार तुकडे पुरेत. वनपर्वातले पाच वर (आठ मिनिटं, मूळ श्लोकांतलं ‘विनास्य जीवितम्’ मोठ्याने वाचा, आणि पाचव्या वेळी ते नाही हे लोकांना स्वतः ऐकू द्या). मग मान्डोसपुढचं गाणं, जेमतेम दीड पान. मग केरिन अम्रोथचा शेवट. राहिलेल्या वेळात अरागॉर्न खोलीबाहेर जातो ते पान. वेदरटॉपवर अरागॉर्न गातो ते बेरेन–लूथिएनचं गाणं मोहात पाडेल, पण ते घेतलंत तर वेळ संपलीच.

रानजाई

एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. तुमच्या टिपणात फिंडुइलास हे नाव दोनदा येऊ शकतं आणि गटात गोंधळ उडेल. निळी शाल जिची, ती फारामिरची आई, दोल अम्रोथची फिंडुइलास. खर्ड्यांत आर्वेनला आधी दिलेलं नावही फिंडुइलासच. आणि तूरिनचं उदाहरण घेतलंत तर तिसरी निघेल, नार्गोथ्रोन्डची एल्फ राजकन्या, तूरिनवर प्रेम करणारी. पाटीवर तिन्ही नावं आधीच लिहून ठेवा.